औशाची पुणेरी भेळ

शनिवार पेठेत भेळ कुठे खावी, वडा कुणाचा घ्यावा आणि मस्तानीवर पाणी प्यावं की नाही, हे श्यामसुंदरराव बेहेऱ्यांना विचारायचं, असा त्या भागातला रिवाज आहे. कुणाचा भाचा अमेरिकेतून येवो, कुणाच्या मुलीला बघायला सोलापूरची मंडळी येवोत, आधी फोन श्यामसुंदररावांना. सोसायटीतल्या लोकांनी 'खाऊ कट्टा' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला तेव्हा ॲडमिन कोण असावा यावर चर्चासुद्धा झाली नाही. पुण्यात एखादी गोष्ट चर्चेशिवाय ठरली म्हणजे ती किती पक्की असेल, हे वेगळं सांगायला नको.

त्यांची उत्तरं छोटी असत. वडा पाचच्या आत घ्या, नंतर तेल दमतं. मिसळीत कांदा स्वतः घाला, त्याच्यावर सोडू नका. कुणी उलट विचारलं की दुसरीकडचा का नको, तर ते लिहीत, "खाऊन बघा. मग कळेल." एवढ्यावर विषय संपायचा.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. यातलं काहीही श्यामसुंदररावांनी कधीही खाल्लेलं नव्हतं. वडा नाही, भेळ नाही, मिसळ नाही. रस्त्यावरचा एक शेंगदाणासुद्धा त्यांच्या तोंडात गेलेला नव्हता.

झालं होतं असं. चौथीत असताना त्यांना कावीळ झाली आणि तिचं खापर शाळेबाहेरच्या लाल बर्फाच्या गोळ्यावर फुटलं. मुलगा उठून बसल्यावर आईने त्याला देवापुढे उभं केलं, त्याचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि म्हणवून घेतलं, बाहेरचं काही खाणार नाही, तुझ्या गळ्याची शपथ. शपथेचा नियम आपल्याकडे पोराटोरांनाही माहीत असतो. ज्याने घातली त्यानेच 'सुटली' म्हणायचं, तोवर ती सुटत नाही. आई पुढे विसरली. मॅट्रिक झाल्यावर विसरली, नोकरी लागल्यावर विसरली, लग्नात तर तिला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. तिच्या शेवटच्या आजारपणात श्यामसुंदररावांनी एकदा धीर करून हळूच विषय काढला. "आई, ती शपथ…" आई म्हणाली, "कुठली रे?" खोलीत दोन मावश्या आणि डॉक्टर बसले होते. बर्फाच्या गोळ्याची, असं निवृत्तीला टेकलेल्या माणसाने त्यांच्यापुढे कसं सांगायचं? त्यांनी तिची उशी सारखी केली. आई भरल्या घरातून समाधानाने गेली आणि शपथ राहिली ती राहिलीच.

त्यांच्या पत्नी श्यामलाबाई यांचं म्हणणं असं, की ज्या गळ्याची शपथ तो गळाच आता नाही, तेव्हा खा की सुखाने. यावर श्यामसुंदरराव म्हणत, हा तांत्रिक मुद्दा झाला. वास्तविक तांत्रिक मुद्दे त्यांनीच ढीगभर काढून ठेवले होते. लग्नाची पंगत चालायची, कारण आचारी डोळ्यांदेखत रांधतो. प्रसाद चालायचा. कुणाच्याही घरी, घरच्या भांड्यात, घरच्या माणसांसाठी केलेलं चालायचं. चालायचं नाही ते गाडीवरचं, दुकानातलं आणि हॉटेलातलं.

मग एवढं ज्ञान आलं कुठून? अर्धं श्यामलाबाईंकडून. त्या दर बुधवारी भिशीच्या मैत्रिणींबरोबर शेवपुरीपासून पावभाजीपर्यंत सगळं हाणून येत आणि चपला काढायच्या आत त्यांची उलटतपासणी सुरू होई. मीठ कसं होतं, पुरी मऊ पडली होती का, चटणी आजची का कालची. गुरुवारी सकाळी कट्ट्यावर जाणकाराचं मत पडे. उरलेलं अर्धं काम नाक करी. ओंकारेश्वराच्या रस्त्यावर दशरथची भेळेची गाडी आहे. संध्याकाळी फिरायला निघालेले श्यामसुंदरराव तिथे थांबत, डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेत आणि "आज चिंच जुनी आहे" एवढं बोलून पुढे जात. चिंच खरोखरच जुनी असे, त्यामुळे दशरथला बोलायला जागा नसे.

हे सगळं असंच सुखाने चालत राहिलं असतं. पण मध्ये औसा आलं.

नोकरीत ऐन उमेदीची वर्षं असताना पाटबंधारे खात्याने त्यांना पुण्यातून उचललं आणि लातूरजवळ औशाला नेऊन टाकलं. तिथे उत्तरेश्वर नावाच्या गृहस्थांची पिठाची गिरणी होती आणि गिरणीच्या वर एक खोली. ती श्यामसुंदररावांना मिळाली. उत्तरेश्वर त्यांच्याच वयाचे, अंगाने दणकट, पापण्यांपर्यंत पिठाने पांढरे. कारकुनाला ते 'साहेब' म्हणत आणि मनापासून म्हणत. त्यांच्या घरातून रोज भाकरी वर यायची, ती घरची असल्याने चालायची. संध्याकाळी वीज गेली की गिरणी बंद पडे आणि दोघं जण ज्वारीच्या पोत्यांवर बसून अंधारात गप्पा मारत. एका अशाच संध्याकाळी उत्तरेश्वरांनी विचारलं, की साहेब, पुण्याची भेळ म्हणे लई नावाजलेली, कशी असते?

मी कधी खाल्लेली नाही, असं उत्तर देणं अगदी सोपं होतं. पण परक्या गावात, अंधारात, घरची आठवण येत असताना पुण्याचा माणूस पुण्याबद्दल 'मला माहीत नाही' म्हणेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. श्यामसुंदररावांनी डोळे मिटले आणि भेळ सांगायला सुरुवात केली.

चुरमुरे, शेव, कांदा इथवर नाकाने साथ दिली. पुढे चवीचा प्रश्न आला. आणि चवी म्हणून त्यांना ठाऊक होत्या त्या फक्त आईच्या स्वयंपाकघरातल्या. मग त्या भेळेत मेतकूट पडलं. तळून हाताने चुरलेली सांडगी मिरची पडली. ओली आंबेहळद किसून पडली. चिंचगुळाच्या पाण्यात चिमूटभर गोडा मसाला गेला, कारण आई आमटीत तो घालायची. त्या दिवशी सांगून संपलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी, आणि मग वीज जाईल त्या प्रत्येक दिवशी. सांगता सांगता त्यांच्याच तोंडाला पाणी सुटे. महिन्याभरात त्या भेळेवर त्यांचा स्वतःचा इतका विश्वास बसला, की पुण्यात ती कुठेतरी मिळतच असणार असं त्यांना वाटू लागलं.

पुढे बदली होऊन ते परत आले. मैत्री दिवाळीच्या फोनवर टिकली. केस पिकले, गिरणी थोरल्या मुलाकडे गेली, धाकटा तेजस हिंजवडीत कंपनीत लागला. आणि गेल्या दिवाळीत उत्तरेश्वरांनी फोनवर बातमी दिली, की रिकामं बसवत नाही म्हणून एसटी स्टँडसमोर भेळेची गाडी टाकली आहे. वर बोर्ड लावलाय, 'अस्सल पुणेरी भेळ'. तुम्ही सांगितली होती अगदी तश्शी. मेतकूट गिरणीत स्वतः दळतो. गर्दी आवरत नाही.

श्यामसुंदररावांच्या घशात चकली अडकली. ती घरची होती.

खरी पंचाईत डिसेंबरात झाली. औशाचाच एक इंजिनिअर, पुण्यात राहणारा, सुट्टीला गावी गेला. त्याने भेळ खाल्ली, दोनदा खाल्ली आणि मग भर स्टँडवर जाहीर केलं, की चव झकास आहे पण ही पुण्याची भेळ नव्हे, पुण्यात कुणी भेळेत मेतकूट घालत नाही. उत्तरेश्वर म्हणाले, ही भेळ मला खुद्द शनिवार पेठेतल्या माणसाने सांगितलेली आहे. शब्दाला शब्द वाढला. शेवटी उत्तरेश्वरांनी दहा माणसांपुढे सांगून टाकलं, की मी स्वतः पुण्याला जातो, साहेबांबरोबर खाऊन येतो आणि तशी नसली तर हा बोर्ड माझ्या हाताने उतरवतो. म्हणजे त्यांनी स्वतःच्या अब्रूची गाठ श्यामसुंदररावांच्या जिभेशी बांधली होती, आणि त्या जिभेची हकिकत आपल्याला माहीतच आहे.

हे सगळं उत्तरेश्वरांनीच फोनवर सांगितलं आणि येत्या शनिवारी येतो म्हणाले. फोन खाली ठेवून श्यामसुंदररावांनी कॅलेंडरवर त्या शनिवारभोवती गोल काढला. श्यामलाबाई म्हणाल्या, सरळ सांगून टाका. ते म्हणाले, इतक्या वर्षांनी? त्यापेक्षा तीन कोटी लोकांत कुणीतरी मेतकूट घालत असेल. श्यामलाबाईंनी पुण्यात एवढे लोक नाहीत हे सांगितलं आणि त्या कामाला लागल्या. नवरा चुकत असला तरी त्याची तयारी नीट असली पाहिजे, हे त्यांचं तत्त्व. एका मोठ्या कापडी पिशवीत त्यांनी दोन ताटल्यांचा स्टीलचा डबा घातला, एक रुंद तोंडाचा थर्मास घातला आणि बजावलं, की वडा वरच्या ताटलीत ठेवा, खाली ठेवलात तर दबेल.

शनिवारी दुपारी उत्तरेश्वर हिंजवडीहून, तेजसच्या घरून, बसने मनपाच्या थांब्यावर उतरले. धोतर, पांढरा सदरा, खांद्याला गच्च भरलेली पिशवी. श्यामसुंदररावांना बघून त्यांनी रस्त्यातच मिठी मारली. अजूनही त्यांच्या अंगाला पिठाचा वास येत होता. श्यामसुंदररावांना एकदम इतकं बरं वाटलं, की आपण केवढ्या संकटात आहोत हे ते पूल ओलांडेपर्यंत विसरले.

पहिला मुक्काम वड्याच्या गाडीवर. उत्तरेश्वरांनी दोन मागवले, एक साहेबांच्या हातात दिला आणि आधी तुम्ही खा, मग मी, असं म्हणून समोर उभे राहिले. श्यामसुंदररावांनी वडा तोंडाजवळ नेला. वास अप्रतिम होता. मग त्यांनी मोकळा हात लांब करून सांगितलं, "तो दरवाजा बघा. शनिवारवाड्याचा. खिळे बघा त्याचे." उत्तरेश्वर वळले आणि त्यांनी मन लावून खिळे बघितले. परत वळले तेव्हा साहेब रिकामी बोटं चोखत होते आणि पिशवीत डब्याचं झाकण लागल्याचा बारीक आवाज झाला होता.

युक्ती चालली म्हटल्यावर श्यामसुंदरराव सैलावले. त्या दुपारी उत्तरेश्वरांना पुण्याचा जेवढा इतिहास बघायला मिळाला तेवढा शाळेच्या सहलींनाही मिळत नाही. कांदाभजी आली की कळस. पॅटिस आलं की पूल. उसाच्या रसाशेजारी ऐतिहासिक असं काहीच नव्हतं, तेव्हा त्यांनी एका सहकारी बँकेची इमारत दाखवली आणि इथे पूर्वी दुसरी बँक होती असं गंभीरपणे सांगितलं. रस तोवर थर्मासात गेला होता.

दरम्यान दिसेल त्या भेळवाल्याला उत्तरेश्वर लांबूनच विचारत होते, मेतकूट घालता का? पुण्यातल्या भेळवाल्यांनी आपापल्या परीने उत्तरं दिली. एक म्हणाला, ही भेळेची गाडी आहे, आजीचं फडताळ नाही. दुसऱ्याने हातातलं काम न थांबवता सांगितलं, की पलीकडच्या गल्लीत बाळंतिणींचं हॉस्पिटल आहे, तिथे मऊभाताबरोबर मिळेल, चौकशी करा. उत्तरेश्वर प्रत्येक वेळी साहेबांकडे बघत. साहेब म्हणत, ही नवी माणसं, यांना काय कळतंय. उत्तरेश्वर मान हलवत, पण दर वेळी थोडी कमी.

मस्तानीच्या दुकानात खरी परीक्षा झाली. आंब्याच्या रंगाचे दोन उंच ग्लास समोर आले, वर आइस्क्रीमचा गोळा. बर्फाशी साहेबांचं वैर चौथीपासूनचं. शिवाय दुकान चारही बाजूंनी बंद आणि आत इतिहास शून्य. श्यामसुंदररावांनी सगळीकडे नजर फिरवली आणि शेवटी वर बोट केलं. "तो पंखा बघा."

उत्तरेश्वरांनी पंखा बघितला. पंखा साधा होता, तीन पात्यांचा, फिरत होता. ते बराच वेळ बघत राहिले. खाली थर्मासच्या तोंडाशी आइस्क्रीमचा गोळा अडला होता आणि श्यामसुंदरराव तो अंगठ्याने आत ढकलत होते. शेजारच्या टेबलावरची एक कॉलेजातली मुलगी चमचा हातात धरून हे सगळं बघत होती. तिने आपला ग्लास जरा जवळ ओढून घेतला.

पिशवी आता चांगली जड झाली होती आणि बाहेर ऊन उतरलं होतं. राहता राहिला दशरथ. श्यामसुंदररावांनी त्याच्यासाठी शेवटचा डाव राखून ठेवला होता. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घरच्या मेतकुटाची पुडी होती. दशरथ ओळखीचा माणूस, त्याला डोळ्याने खुणावायचं, पुडी सरकवायची, तो समजून घेईल. माणसाचा माणसावर विश्वास असावा तो इतका.

गाडीपाशी पोचल्यावर त्यांनी मोठ्याने दोन भेळ सांगितल्या आणि पुडी डब्यांच्या आडून पुढे सरकवली. एक डोळा मिटला. दशरथने त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी दुसरा मिटला.

दशरथने पुडी उचलली, सगळ्यांसमोर उघडली आणि हुंगली. "काका, हे मेतकूट आहे," तो म्हणाला. "डोळ्यात गेलं का?"

श्यामसुंदरराव म्हणाले, नेहमीसारखं घाल की त्यात. दशरथने विचारलं, नेहमीसारखं म्हणजे कसं? मग त्याने भेळेसाठी काढलेले कागद मोजले, त्याचा चेहरा आणखी कोड्यात पडला आणि तो उत्तरेश्वरांकडे वळून अगदी साध्या स्वरात म्हणाला, "आणि दोन कशाला? हे खात नाहीत. हे नुसता वास घेतात. इतकी वर्षं बघतोय, एक चुरमुरा खाल्लेला नाही यांनी. सगळ्या पेठेला माहितीये."

पेठेला माहीत नव्हतं. पण आता झालं.

उत्तरेश्वरांनी पैसे दिले. त्यांनी आपली भेळ घेतली, अन्न टाकायचं नाही म्हणून शेवटच्या शेवेपर्यंत शांतपणे खाल्ली आणि कागदाचा बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकला. भेळ बरी आहे, असं दशरथला सांगितलं. मग दोघे घराकडे चालू लागले. श्यामसुंदररावांना लाज वाटत होती, साधीसुधी नाही, कान तापवणारी. वाटेत दोन देवळं आणि एक जुना पूल लागला, पण त्यांनी काही दाखवलं नाही.

सोसायटीच्या फाटकापाशी उत्तरेश्वर थांबले. "साहेब, येक विचारतो. तुमी खाल्लीच न्हाई, तर मंग ती चव आनली कुटनं?"

"घरून," श्यामसुंदरराव म्हणाले.

आणि तिथेच, फाटकात उभं राहून, त्यांनी सगळं सांगितलं. लाल गोळा, कावीळ, आईचा गळा, मावश्या आणि डॉक्टर. आजवर हे ऐकून हसला नाही असा माणूस त्यांना भेटला नव्हता, म्हणूनच ते कुणाला सांगत नसत. उत्तरेश्वर हसले नाहीत. आईच्या गळ्याची म्हटल्यावर माणूस काय करील, असं म्हणून त्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "पन बोर्ड उतरवावा लागंल. म्या धा मानसापुढं बोललोय."

रागावले असते तर बरं झालं असतं. श्यामसुंदरराव पुढे होऊन जिना चढू लागले.

वर श्यामलाबाईंनी दोघांचे चेहरे बघितले, काही न विचारता पिशवी हातात घेतली आणि डबा उघडून गार वडा खायला सुरुवात केली. चांगला आहे, त्या म्हणाल्या, वरच्याच ताटलीत ठेवलात ते बरं केलंत. थर्मासातून त्यांनी भांड्यात ओतलं ते मात्र उसाच्या रसातली मस्तानी होती. ते त्यांनी वासानेच बाजूला ठेवलं.

उत्तरेश्वरांनी आपली पिशवी जमिनीवर ठेवली आणि तिची नाडी सोडली. श्यामलाबाईंनी विचारलं तेव्हा कळलं, की औशाहून ते सगळं सामान घेऊन आले होते. चुरमुरे, शेव, गिरणीतलं मेतकूट, सांडगी मिरच्या, आंबेहळदीचं कांडं, चिंचगुळाच्या पाण्याची बाटली. पुण्याची भेळ खाऊन झाली की आपली साहेबांना खिलवायची, ताडून बघायची, असा त्यांचा बेत होता. आता कशाला, असं म्हणून ते पिशवीची नाडी ओढू लागले.

श्यामलाबाई म्हणाल्या, "थांबा. आमच्या स्वयंपाकघरात करणार ना?"

"करनार व्हतो."

"आमच्या पातेल्यात?"

उत्तरेश्वरांनी मान हलवली. श्यामलाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने जरा विचार केला. घरच्या भांड्यात, घरच्या माणसांसाठी, डोळ्यांदेखत. आपणच घालून ठेवलेल्या कलमांत आपणच सापडल्याचं त्यांच्या लक्षात आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या तांत्रिक मुद्द्यांचं कौतुक वाटलं.

श्यामलाबाईंनी कांदा चिरला. उत्तरेश्वरांनी मिरच्या तळल्या, त्यांचा खाट उठला, तिघेही खोकले. मोठ्या पातेल्यात सगळं पडलं, वर गिरणीवाल्याच्या त्या रुंद हातांनी मेतकूट भुरभुरलं. चिंचगुळाचं पाणी गोल फिरवून ओतलं. मग त्यांनी एका वाटीत भेळ काढून साहेबांपुढे धरली आणि ते त्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. आता पंखा बघा म्हणायची सोय नव्हती.

श्यामसुंदररावांनी पहिला घास घेतला आणि ते चावायचे थांबले.

मेतकुटाचा खमंगपणा आधी आला, मग मिरची कुरकुरली आणि शेवटी चिंचगूळ, त्यामागे आमटीचा तो ओळखीचा वास. पोत्यांवर बसून, अंधारात, डोळे मिटून त्यांनी जी खाल्ली होती तीच ही. तसूभर फरक नाही. आईच्या हातची भेळ, जी आईने कधी केलीच नव्हती. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मिरची तिखट आहे का, असं श्यामलाबाईंनी विचारलं, तर त्यांनी नुसती मान हलवली, आणि ती हो होती की नाही हे कुणालाच कळलं नाही.

"हीच," ते म्हणाले.

"हीच म्हंजी?"

"हीच ती भेळ. बरोब्बर हीच. आंबेहळदसुद्धा तेवढीच."

उत्तरेश्वरांनी त्यांना पुन्हा एक घास घ्यायला लावला, नीट चावून बघा म्हणाले. साहेबांनी नीट चावून पूर्ण वाटी संपवली आणि दुसऱ्यांदा पुढे केली. या भेळेवर मत द्यायचा अधिकार साऱ्या जगात एका माणसाला होता, आणि त्याने ते दिलं होतं. उत्तरेश्वर हळूहळू खाली बसले. दुपारपासून आखडलेले त्यांचे खांदे सैल झाले. मग ते हसायला लागले, आधी पोटात, मग आवाज करून, आणि मध्येच म्हणाले, "पंख्यात काय बगायचं आसतंय वो साहेब? मला तवाच शंका आली व्हती."

बोर्डाचा प्रश्न मात्र उरला होता. भेळ शनिवार पेठेची, सांगणारा शनिवार पेठेचा, चव शनिवार पेठेतल्या एका स्वयंपाकघरातली. तेव्हा अस्सल पुणेरी म्हणायला हरकत नाही, असं तिघांनी ठरवलं. पण इंजिनिअरचं म्हणणंही खोटं नव्हतं, आणि उत्तरेश्वरांना खोटा बोर्ड नको होता. श्यामसुंदरराव दुसरी वाटी संपवून उठले. अशा बाबतीत पुण्याच्या माणसाला सुचायला वेळ लागत नाही. बोर्ड उतरवू नका, ते म्हणाले. खाली फक्त एक ओळ वाढवा.

आठवड्याभरात औशाहून फोटो आला. गाडीपुढे गर्दी, गर्दीत पुन्हा गावी आलेला तो इंजिनिअर हातात ताटली घेऊन, आणि वर नव्या रंगात रंगवलेला बोर्ड:

'अस्सल पुणेरी भेळ. पुण्यात मिळत नाही.'

त्याच संध्याकाळी 'खाऊ कट्ट्या'वर कुणाचीतरी विचारणा आली. नागपूरची पाहुणेमंडळी येताहेत, पुण्यातली सगळ्यात चांगली भेळ कुठे खायला घालावी, काकांनी सांगावं. दशरथने केलेला गौप्यस्फोट एव्हाना पेठेत फिरून झाला होता, त्यामुळे सगळे उत्तराची वाटच बघत होते. श्यामसुंदररावांनी चष्मा पुसला. आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतः खाऊन उत्तर देत होते, तेव्हा त्यांनी ते सावकाश, एकेक अक्षर जपून लिहिलं.

"औशाला. एसटी स्टँडसमोर."

लगेच खाली कुणीतरी विचारलं, काका, तिथली कशाला, तुम्ही कधी खाल्लीय का?

"दोन वाट्या," श्यामसुंदररावांनी लिहिलं आणि फोन बंद केला.